समुद्री बर्फातल्या लाटा मोजणारं स्वस्त यंत्र बनवताय? या चुका टाळा

पहिली चाचणी आम्ही झोपाळ्यावर घेतली. बडोद्यात समुद्र नाही, बर्फ नाही, पण दांडिया बाजारातल्या जुन्या घरात कड्यांचा झोपाळा आहे. सर्किटचा डबा पाटावर बांधला, आत्यानं झोका दिला, आणि लाटेची उंची म्हणून जे आकडे आले त्यांना काही अर्थ नव्हता. दोन आठवडे आम्ही सेन्सरला दोष देत होतो. चुकीची होती ती चाचणी.

लाटेची उंची यंत्र प्रवेगावरून काढतं. पण तो मोजणाऱ्या, झोक्यावर बांधलेल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला पुढे-मागे जाणं जवळजवळ जाणवतच नाही. त्या दिशेला गुरुत्वाकर्षण आणि प्रवेग एकमेकांना रद्द करतात. उरतो कड्यांच्या दिशेचा ताण, तोही एका झोक्यात दोनदा कमी-जास्त होणारा. शिवाय दोन मीटर कड्यांचा झोका 2.8 सेकंदांत पुरा होतो. बर्फात खूप आतवर पोचणारी लाट 10 ते 20 सेकंदांची असते. आखूड लाटा बर्फाच्या कडेलाच विरतात.

त्यापेक्षा आकाशपाळणा करा. सायकलचं चाक उभं बसवा, कडेला डबा असा टांगा की तो सरळच राहील, समोर तेवढंच वजन लावा आणि गिअर मोटरनं 12 सेकंदांत एक फेरी द्या. त्रिज्या 30 सेंटिमीटर असेल तर डबा 60 सेंटिमीटर वर-खाली होतो. पण यंत्रानं ‘सिग्निफिकंट वेव्ह हाइट’ (लाटांची उंची सांगायचा रूढ आकडा) सुमारे 85 सेंटिमीटर दाखवली पाहिजे, कारण ती वर-खाली होण्याच्या प्रमाण विचलनाच्या (सरासरीभोवतीच्या चढउताराच्या मापाच्या) चौपट धरतात. 60 आले तर खूश होऊ नका, कोड उघडा.

दुसरी तक्रार हमखास येते: डबा जमिनीवर स्वस्थ पडलाय आणि पडद्यावर लांब लाटा दिसताहेत. प्रवेगाच्या स्पेक्ट्रमवरून, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे त्या तक्त्यावरून, उंची काढताना वारंवारतेच्या चौथ्या घातानं भागावं लागतं. त्यामुळे सेन्सरचा तोच नॉइज (त्याची स्वतःची खरखर) 5 सेकंदांच्या तुलनेत 20 सेकंदांपाशी 256 पट फुगतो. आणि मोजायचंय काय? 12 सेकंदांच्या, एक सेंटिमीटर आयामाच्या लाटेचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजाराव्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणून सेकंदाला शेकडो नोंदी घ्या, फिल्टर करून मगच त्या विरळ करा. डबा रात्रभर फरशीवर ठेवा. त्या नोंदीवरून वारंवारतेची खालची मर्यादा कुठे कापायची ते ठरवा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओपनमेटबॉय’ या अशाच स्वस्त यंत्राचा आराखडा आणि कोड सगळ्यांसाठी खुला आहे. आधी तो वाचा.

थंडीसाठी आइस्क्रीमचा डीप फ्रीझर चालतो. अल्कलाइन सेल तिथेच मान टाकतात. लिथियम थायोनिल क्लोराइडचे घ्या. ते बराच काळ पडून असले तर पहिल्या लोडला व्होल्टेज खाली जातं, सर्किट रीसेट होतं. बसवण्याआधी त्यांना थोडा वेळ लोड द्या. फ्रीझरच्या पत्र्याआड जीपीएस लागत नाही, तो थंडीचा दोष समजू नका.

श्रावणातल्या दमट दुपारी डबा सील करू नका. आतली वाफ उणे तापमानात सर्किटवर गोठते. एसीच्या खोलीत, सिलिका जेल घालून बंद करा.

बर्फावरून नोंदी उपग्रहामार्फत पाठवणारा इरिडियमचा मोडेम भारतात परवानगीशिवाय चालवता येत नाही; मागवण्याआधीच दूरसंचार विभागाचे नियम पाहा. त्याच्या एका संदेशात 340 बाइट मावतात, म्हणजे कच्च्या नोंदी नव्हे, डब्यातच काढलेला स्पेक्ट्रम पाठवायचा. आम्ही तूर्त तो संदेश मेमरी कार्डावर लिहितो आणि बाइट मोजतो.