पाऊस उघडला, आता स्टुडिओ लावा: साताऱ्यातल्या चित्रकारांसाठी

सप्टेंबर आला की बाहेरच्या देशातले आर्टिस्ट व्हिडिओ टाकायला लागतात, उन्हाळा संपला, पानं पिवळी पडली, आता स्टुडिओ आवरून आत बसायचं वगैरे. आपल्याकडं बरोब्बर उलटं आहे, आपण जूनपासून आत कोंडलेलेच असतो आणि आता कुठं खिडक्या उघडायच्या. साताऱ्यात चित्रकाराचं वर्ष गणपती गेले की सुरू होतं असं माझं ठाम मत आहे, आणि दिवाळीपर्यंतचे आठवडे नीट वापरले तर पुढं मार्चपर्यंत काम सुरळीत चालतं. कसं ते सांगतो.

आधी एक, घाई करू नका. चार दिवस कडक ऊन पडलं की सगळ्यांना वाटतं झालं, गेला पाऊस, आणि मग हस्ताचा पाऊस दुपारी ढग गडगडवत येतो आणि गच्चीत वाळत घातलेलं सगळं भिजवतो. परतीचा पाऊस पूर्ण जाईपर्यंत एकच शिस्त ठेवा, सकाळी दहा-अकरानंतर खिडक्या उघडायच्या आणि चारच्या आत बंद करायच्या. भिंतीवर एक छोटा डिजिटल ह्युमिडिटी मीटर लावा, काही शेकड्यांत मिळतो. आकडा ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीचं फावतं, त्याच्या खाली स्थिर आला की मगच कपाटं रिकामी करायला घ्या.

आता बुरशी. ती समोरून दिसायच्या आधी मागून दिसते. कॅनव्हास उलटा करा आणि टॉर्च तिरपा धरा, लाकडी पट्टी आणि कापड यांच्या मधल्या फटीत जिथं हवाच जात नाही तिथं राखाडी-पांढरे बारीक ठिपके असतात, बोट फिरवलं तर पीठासारखं लागतं (बोट फिरवू नका पण). असा एक जरी सापडला तरी त्याला बाकीच्यांपासून वेगळा काढा, आणि झटकणं-पुसणं खोलीत अजिबात नको, नाहीतर ती धूळ उडून शेजारच्या कॅनव्हासवर जाऊन बसते. गॅलरीत किंवा अंगणात न्या, तोंडाला मास्क लावा, आधी सावलीत हवेला पूर्ण कोरडा होऊ द्या, मग मऊ कोरड्या ब्रशनं हलक्या हातानं झाडा. ओल्या फडक्यानं पुसायचा मोह होतो, पण ओली बुरशी पुसली की ती कापडात आत घुसते आणि डाग कायमचा होतो. ब्लीच वगैरे तर लांबच ठेवा. ऑइलचं चित्र कोवळ्या उन्हात थोडा वेळ चालतं, कागदावरचं काम मात्र कधीच उन्हात ठेवायचं नाही, सावली आणि वारा, बस्स. आणि चित्रं भिंतीला चिकटवून उभी करू नका, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला जिनं सगळा पाऊस खाल्लाय, मधे दोन बोटं जागा सोडा.

कॅनव्हास ढिला पडला असेल तर लगेच पाचरी (फ्रेमच्या कोपऱ्यातल्या लाकडी चिपा) ठोकायला बसू नका. हवा कोरडी झाली की बरेच आपोआप थोडेफार ताणले जातात, तोपर्यंत थांबा, नंतरही झोळ राहिला तर कोपऱ्यातल्या पाचरी थोड्या थोड्या, सगळ्या सारख्या.

वॉटरकलरवाल्यांनी कागद तपासल्याशिवाय चांगलं काम सुरू करू नये. पावसाळाभर ओल लागलेल्या कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) जातं, दिसायला कागद तसाच पांढरा शुभ्र दिसतो आणि वॉश (पातळ रंगाचा हात) टाकला की टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो, ठिपके ठिपके पडतात. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका कागदाच्या कोपऱ्यावर नुसत्या पाण्याचा एक फटकारा मारा. पाणी क्षणभर वर चमकत राहिलं तर कागद चांगला, लगेच आत गडप झालं तर तो गठ्ठा रफ स्केचला, कोळशाला, मुलांच्या क्लासला. चांगले कागद प्लॅस्टिकमधे सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की पुड्या फेकू नका, दाणे कढईत मंद आचेवर गरम केले की परत कामाला येतात (ती कढई मग स्वयंपाकाला नाही हं).

आता उजेड, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी, तिच्यातून वर्षभर थेट ऊन येत नाही. हे ज्यांनी लिहिलं ते युरोपातले. सातारा साधारण साडेसतरा-अठरा अक्षांशावर आहे, मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत शिरतंच, जून-जुलैत ढगांमुळं कळत नाही एवढंच. २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखे झाले की तिथून पुढं सहा महिने उत्तरेची खिडकी खरी उत्तरेची खिडकी होते. म्हणून इझल (चित्राचा स्टँड) हलवायचा मुहूर्त हाच. ज्यांच्याकडं फक्त दक्षिणेची खिडकी आहे त्यांचं मात्र आता काम वाढतं, दिवाळीपर्यंत उन्हाचा पट्टा सरकत सरकत खोलीत आत येतो, त्याला काचेवर बटर पेपर किंवा पांढरा मांजरपाट लावा, मस्त पसरलेला उजेड मिळतो. गावात संध्याकाळी सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड जातो तेव्हा शेवटचा तास रंगांसाठी धरूच नका, ड्रॉइंग करा. अजून एक, इझलच्या जागी कोरा कागद धरून बघा, समोरच्या बिल्डिंगला यंदा पिस्ता किंवा गुलाबी रंग दिला असेल तर तो कागदावर उतरलेला दिसेल, आणि तोच तुमच्या पोर्ट्रेटच्या गालावर येतो.

ऑर्डरींचं गणित. पितृपक्षात गिऱ्हाईक नवीन कामाचा ॲडव्हान्स द्यायला कां-कूं करतं, बोलणं सगळं होतं, पैसे घटस्थापनेनंतर, आणि पाहिजे मात्र दिवाळीच्या आधी. इथं सरळ सांगायचं, आता ऑइल जमणार नाही. ऑइल रंग पाण्यासारखे वाळत नाहीत, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, दमट गार हवेत अजूनच वेळ लागतो. अंबर (मातकट तपकिरी) लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट आणि कॅडमियम रेंगाळतात, आणि व्हार्निश तर सहा महिने ते वर्षानंतरच. त्यामुळं गणपती विसर्जनानंतर आलेलं दिवाळीचं काम ॲक्रिलिकमधे घ्या, फारच हट्ट असेल तर खालचे थर ॲक्रिलिक आणि वर पातळ ऑइल, उलटं कधीच नाही. ॲडव्हान्स निम्मा. नात्यातल्यांकडूनही, काका म्हणाले "अरे घरचंच आहे की" तरी निम्मा.

या दिवसांत आई-वडलांच्या फोटोवरून पोर्ट्रेट करून द्या अशा ऑर्डरी बऱ्याच येतात. फोटो मोबाइलवर आलेला, लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला, डोळे कळत नाहीत. मूळ प्रिंट मागा आणि जमलं तर काम सुरू करण्याआधी औंधला एक चक्कर मारा, भवानी संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलं, ते स्वतः चित्रकार होते, आणि तिथं राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं समोर उभं राहून बघता येतात. कातडीचा रंग सावलीत कुठं थंड होतो ते मोबाइलवर झूम करून कळत नाही.

बाहेर कामाला जायचं तर कास सगळ्यांना आठवतं. पठार २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलंय, फुलांच्या हंगामात बुकिंग करून जा आणि तिथं इझल मांडायचा नादच करू नका, पायाखाली फुलं आहेत. उभ्यानं छोट्या वहीत रंगांच्या नोंदी घ्या, तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा. चित्राला बसायचं तर येताना कास रोडला थांबा, खाली उरमोडी धरणाचं पाणी, पलीकडं सज्जनगड, जागा भरपूर. गवत हिरव्यावरून सोनेरी व्हायला लागतं तेव्हा ट्यूबमधला तयार हिरवा बंदच ठेवा, यलो ओकर आणि अल्ट्रामरीन पुरतात, आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. ऑक्टोबरच्या उन्हात वॉश कडेपर्यंत पोचायच्या आत वाळतो, त्याला उपाय म्हणजे कागद मागून पण ओला करा, ब्रश एक साइज मोठा घ्या, आणि नऊच्या आत आटपा.

ब्रश खंडेनवमीला पूजेत मांडायचेच असतात, आदल्या दिवशी साबणानं धुवून, कडक झालेले काढून टाका. लिन्सीडची (जवसाच्या तेलाची) फडकी मात्र गोळा करून डब्यात कोंबू नका, उन्हाच्या दिवसांत ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी ताज्या चित्राला थेट बबल रॅप गुंडाळू नका, दिवाळीच्या गर्दीत एसटीत तासभर दाबलं गेलं की रंगावर गोल गोल ठसे उठतात. चार कोपऱ्यांना थर्माकोलचे तुकडे, वर पुठ्ठा, मग रॅप, आणि कुठली बाजू वर ते मार्करनं मोठं लिहा.