सायकल इंजिनाचा क्लच : नागपुरात सुटे भाग कसे शोधायचे

दुकानात जाऊन ‘सायकलच्या इंजिनाचा क्लच आहे का’ विचारलं, की काउंटरवर लुनाचे किंवा टीव्हीएस एक्सएलचे क्लच शू येतात. ते घेऊ नका. त्या गाड्यांचा क्लच आपोआप धरतो: इंजिनाचे फेरे वाढले की शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला घट्ट बसतात. सायकलवर बसवायच्या चायना किटमधल्या टू-स्ट्रोक इंजिनाचा क्लच हँडलवरच्या लिव्हरने चालतो आणि त्याची बनावटच वेगळी आहे. त्यामुळे गाडीचं नाव सांगून त्याचा भाग मिळत नाही. मिळतो तो माप सांगून. आधी उघडा, नेमका कोणता तुकडा गेला ते ठरवा, त्याची मापं घ्या, मगच बाजारात जा. पूर्ण क्लच बदलायची वेळ क्वचितच येते.

इंजिनावर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका. ‘८० सीसी’ म्हणून विकलं जाणारं इंजिन बहुधा ४७ मिमी बोअरचं (सिलिंडरचा आतला व्यास) असतं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३८ मिमी असेल तर ते ६६ सीसी भरतं, ४० मिमी असेल तर ६९ सीसी. क्लच मागवताना सीसीपेक्षा गरारीच्या (दातेरी चाकाच्या) दातांची संख्या आणि पॅडचा (घासून पकड धरणाऱ्या तुकड्यांचा) आकार जास्त उपयोगी पडतो.

आधी बिघाड ओळखा

लिव्हर दाबली की वायर इंजिनाच्या डाव्या बाजूचा हात ओढते. तो हात एक कॅम फिरवतो. कॅम आतल्या छोट्या दांडीला ढकलतो, तिच्यापुढे अनेक इंजिनांत एक पोलादी गोळी असते, आणि गोळीपुढे पोकळ शाफ्टमधून उजवीकडे जाणारी, छत्रीसारख्या डोक्याची लांब दांडी. ही दांडी प्रेशर प्लेटला (पॅडवर दाब देणाऱ्या बाहेरच्या थाळीला) बाहेर सरकवते आणि मोठी गरारी मोकळी फिरू लागते. लिव्हर सोडली की स्प्रिंग प्लेटला परत दाबते. गरारीच्या भोकांत बसवलेले पॅड एका बाजूने मागच्या थाळीला आणि दुसऱ्या बाजूने प्रेशर प्लेटला घासून धरतात. दोन्ही बाजू काम करतात, हे लक्षात असू द्या. पॅड निवडताना याचाच सगळ्यात जास्त संबंध येतो.

इंजिन ओरडतं पण सायकल पुढे जात नाही, तर क्लच घसरतोय. सेमिनरी हिल्सच्या चढावर हे लगेच कळतं, सपाट रस्त्यावर लपून राहतं. उघडण्यापूर्वी वायर पाहा. लिव्हर पूर्ण सोडल्यावर डाव्या बाजूच्या हाताला साधारण २ मिमी मोकळीक हवी. वायर ताणलेली असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि नवे पॅडही महिनाभरात जळतात. या एका चुकीपायी चांगले भाग फेकले जातात.

उलट, लिव्हर दाबूनही मागचं चाक ओढलं जात असेल तर क्लच सुटत नाही. वायर सैल आहे का ते पाहा. ती ठीक असेल तर पोलादी गोळी जागेवर आहे का बघा. डावीकडचं कव्हर काढताना ही गोळी नकळत गळून पडते आणि परत बसवताना कोणाच्या लक्षात येत नाही. मग लिव्हर पोकळ लागते. छोट्या दांडीचं टोक किंवा कॅमची कड झिजली तरी हेच लक्षण दिसतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली असेल तर पॅड गंजलेल्या प्लेटला चिकटलेले असतात. अशा वेळी नुसतं उघडून पुसलं तरी काम होतं, भाग आणावा लागत नाही.

लिव्हर व्यवस्थित आहे, इंजिन सुरू होतं, पण चाकाला काहीच जोर मिळत नाही, तर बहुतेक वेळा अर्धचंद्र चाबी (गरारी शाफ्टवर जखडणारा छोटा तुकडा) तुटलेली असते: एक तर इंजिनाच्या क्रँकवरच्या छोट्या गरारीखालची, नाहीतर क्लच शाफ्टवरची.

उघडणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लगची टोपी काढा. उजव्या कव्हरचे स्क्रू मऊ असतात. नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या आणि मग फिरवा, नाहीतर स्क्रूचं डोकं सोलून निघतं. आत मधोमध फुलासारखा नट दिसेल. त्याच्या शेजारचा छोटा लॉक स्क्रू आधी काढा. मग फुलनट सोडताना फेरे मोजा आणि आकडा लिहून ठेवा. बसवताना तिथूनच सुरुवात करायची आहे. प्रेशर प्लेट हाताने निघते. पॅड तपासायला आणि बदलायला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

स्प्रिंग किंवा मोठी गरारी काढायची असेल तर किटसोबत आलेला पुलर (गरारी ओढून काढायचं हत्यार) लागतो. स्क्रू ड्रायव्हरने गरारी उचकटू नका. शाफ्ट वाकतो आणि कव्हर बसतं त्या ॲल्युमिनियमच्या कडेवर घाव पडतो. मधला नट जोरात फिरवण्यापूर्वी आट्यांचा कल नीट पाहून घ्या. गरारीखाली सुटे छर्रे असतात. खाली पसरट थाळी आणि कापड ठेवा आणि ते पडताच मोजा. एखादा कमी भरला तर तो इंजिनाच्या आतच आहे, तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे पॅडच्या घासणाऱ्या मालात, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडकं फेकून द्या.

मापं

वर्निअर कॅलिपर हवाच. तो नसेल तर लेथवाल्याकडे सगळे भाग घेऊन जा. मोठ्या गरारीचे दात मोजा. बहुतेक किटमध्ये ८२ असतात आणि क्रँकवरच्या छोट्या गरारीला २०. दात तिरपे कापलेले असतात, त्यामुळे तिरपेपणाची दिशाही फोटोत दिसली पाहिजे. एक गरारी झिजली असेल तर जोडी बदला. नवे दात झिजलेल्या दातांवर बसवले की आवाज येतो आणि नवे दातही लवकर जातात.

पॅडची संख्या, लांबी, दोन्ही टोकांची रुंदी (बरेच पॅड एका टोकाला निमुळते असतात) आणि जाडी घ्या. पॅड गरारीच्या पृष्ठभागाच्या वर उचललेला दिसला पाहिजे. तो गरारीच्या पातळीला आला असेल तर पॅडऐवजी लोखंड लोखंडाला घासतंय, तो संपला. पॅड जाड आहे पण काळा आणि चकचकीत झालाय, तर तो फेकू नका. सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर हलक्या हाताने घासा आणि ब्रेक क्लीनरने धुवा.

पॅड तेलकट असतील तर ते तेल आलं कुठून हे शोधल्याशिवाय नवे घालू नका. हा क्लच कोरडा चालतो. क्रँकच्या उजव्या बाजूचं ऑइल सील फाटलं की पेट्रोल-ऑइलचं मिश्रण इथे येतं. दुसरं कारण म्हणजे कोणीतरी उदारपणे भरलेलं ग्रीस.

स्प्रिंगची चार मापं लागतात: मोकळी लांबी, बाहेरचा व्यास, तारेची जाडी आणि वेढे. तारेच्या जाडीत कुचराई करू नका, कारण स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २ मिमीऐवजी २.२ मिमी तारेची स्प्रिंग घातली तर ती जवळपास दीडपट कडक होते. लिव्हर दाबताना बोटं दुखतात आणि कॅम लवकर झिजतो. मोकळी लांबी कमी झालेली स्प्रिंग ओढून लांब करणं हा उपाय नाही, ती काही दिवसांत पुन्हा बसते.

प्रेशर प्लेट काचेवर ठेवा. ती डगमगली किंवा निळी पडली असेल तर वाकली आहे. पिनांच्या भोकांमधलं अंतर मोजून ठेवा. प्लेट बदलताना सगळ्यात जास्त चूक तिथे होते.

कुठे काय मिळतं

क्लचमधले निम्म्याहून अधिक तुकडे सर्वसाधारण बाजारात मिळतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे १५ मिमी भोक, ३५ मिमी बाहेरचा व्यास, ११ मिमी जाडी. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी याच क्रमाने छापलेली असते. हे आकडे सांगितले की बेअरिंगच्या दुकानात ‘कोणत्या गाडीचं’ हा प्रश्नच येत नाही. छर्रे आणि पोलादी गोळी तिथेच मिळते. छर्रे बदलायचे तर सगळे एकाच मापाचे आणि एकाच खोक्यातले घ्या. एक मोठा असला तर सगळा भार त्याच्यावर येतो. नट, वायसर, स्क्रू यांसाठी इतवारीतली लोहा ओळी, दुचाकीचे सुटे भाग आणि वायर यांसाठी घाट रोड. क्लच वायर घेताना लिव्हरमध्ये बसणारी टोकाची गोळी सोबत नेऊन जुळवा. वायर लांब असली तर कापता येते, गोळी बदलता येत नाही.

चाबी लेथवाला करून देतो. हिंगणा एमआयडीसी परिसरात असं काम करणारे मिळतील. शाफ्टमधल्या खाचेची आणि गरारीतल्या खाचेची, दोन्हींची रुंदी द्या. चाबी साध्या माइल्ड स्टीलची करून घ्या, कडक पोलादाची नको. जास्त ताण आला तर आधी चाबी तुटायला हवी, शाफ्ट नव्हे. चाबी वारंवार तुटत असेल तर दोष तिचा नाही. गरारी शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसत नाहीये आणि सगळा भार चाबीवर येतोय. त्या भागावर मार्करने रेघा ओढा, गरारी बसवून काढा आणि रेघा कुठे पुसल्या ते पाहा. थोड्याच जागी पुसल्या असतील तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून दोन्ही एकमेकांवर घासा, मग पेस्टचा कणही राहणार नाही असं धुवा.

पॅडचे दोन मार्ग आहेत. तयार संच मागवला तर उत्तम. नाही मिळाला तर ब्रेक लायनर चिकटवणाऱ्या कारागिराकडे सपाट लायनरचा तुकडा मागा आणि जुन्या पॅडच्या साच्यावरून कापून घ्या. चेतक स्कूटरच्या क्लचमधला कॉर्क वापरू नका. तो तेलात चालण्यासाठी असतो, कोरड्यात जळून जातो. कापलेल्या पॅडची जाडी एकमेकांत ०.१ मिमीपेक्षा जास्त वेगळी नको. एकच पॅड जाड राहिला तर प्लेट तिरपी बसते आणि क्लच धड धरत नाही, धड सुटत नाही.

मोठी गरारी, छोटी गरारी, प्रेशर प्लेट, कॅम आणि छत्रीवाली दांडी मात्र ऑनलाइनच शोधावी लागते. ‘६६ सीसी’, ‘८० सीसी’, ‘पीके ८०’ अशा नावांनी शोधा, पण नावावरून पैसे भरू नका. विक्रेत्याकडून वर्निअर लावलेला फोटो मागवा, फोटोत दात आणि पॅडची भोकं मोजा, मध्यभागाचं माप विचारा. तो माप द्यायला तयार नसेल तर दुसरा विक्रेता शोधा. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क धरून हिशोब करा. बऱ्याचदा गरारी, प्लेट आणि पॅड असा जुळवलेला संच सुट्या भागांपेक्षा फार महाग पडत नाही, आणि भाग एकमेकांशी जुळण्याची काळजी मिटते.

बसवणं आणि जुळवणं

छर्रे जागेवर राहावेत एवढंच ग्रीस त्यांना लावा. गरारीच्या दातांना हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरे. पॅडना, प्लेटला आणि मागच्या थाळीला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका. डावीकडे छोटी दांडी, गोळी आणि कॅमला मात्र ग्रीस द्या, ते तिथे हवंच असतं.

फुलनट लिहून ठेवलेल्या फेऱ्यांइतका घट्ट करा. पॅड नवे आणि जाड असतील तर तो थोडा आधीच अडेल. जबरदस्ती करू नका. कव्हर लावण्यापूर्वी लिव्हर दाबून मागचं चाक हाताने फिरवा. इंजिन न फिरता ते मोकळं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर फुलनट एक खाच सैल करा. लिव्हर सोडून चाक फिरवलं तर इंजिन सोबत फिरलं पाहिजे. घसरत असेल तर एक खाच घट्ट. प्रत्येक वेळी लॉक स्क्रू परत लावूनच पुढची चाचणी करा. तो राहून गेला तर नट चालत्या गाडीत सुटतो आणि कव्हर आतून कोरून काढतो.

चाचणी आवारात किंवा खाजगी मोकळ्या जागेत घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांचं वाहन २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं असेल तरच ते मोटार वाहन धरलं जात नाही. ४८ किंवा ६६ सीसीचं इंजिन त्याच्या वर जातं, म्हणजे सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी, विमा आणि लायसन्स सगळं लागू होतं.

पहिले १५–२० किलोमीटर पॅड बसू द्या. थांबलेल्या जागेवरून क्लच घासत सुटू नका. आधी पायडल मारून सायकलला वेग द्या, मग लिव्हर सोडा. मे महिन्यात दुपारी उन्हात लांब चालवून नवे पॅड तापवू नका, ही पहिली चाल सकाळीच घ्या. मग गाडी थंड झाल्यावर वायरची मोकळीक पुन्हा मोजा. नवे पॅड थोडे दबले की वायर आपोआप ताणली जाते आणि २ मिमीची जागा संपते. तेवढी वायर सैल करा.