झाडीतल्या गोल्फ कोर्सवर खेळायचं कसं, हार्बर टाऊनचं उदाहरण घेऊन

झाडांचा कोर्स म्हटलं की सगळे ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) सरळ कसा मारायचा तेच विचारतात. पण नुसतं सरळ मारून भागत नाही, पुढचा शॉट कुठून मोकळा मिळेल ते आधी बघावं लागतं.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनात हिल्टन हेड बेटावर हार्बर टाऊन कोर्स आहे. कोर्स डिझायनर पीट डायने तेव्हाचा तरुण गोल्फर जॅक निकलसला सोबत घेऊन तो केला, 1969 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी तिथली पहिली हेरिटेज स्पर्धा अर्नोल्ड पामरने जिंकली. तेव्हा लांबलचक होल (पहिल्या शॉटपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) आणि मोठमोठी ग्रीन (खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत) करायची चलती होती, डायने नेमकं उलट केलं, ग्रीन एकदम छोटी ठेवली आणि ओक-पाइनच्या फांद्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) वाकलेल्या तशाच राहू दिल्या, त्यामुळे बॉल छान कापलेल्या गवतात पडला तरी समोर झाड असू शकतं. मला हे डिझाइन जाम आवडतं, ताकदवाल्याला इथे फुकटचा फायदा नाही.

म्हणून होल वाचायचं ते ग्रीनकडून टीकडे, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागेकडे. तिथलं 13 वं होलच घ्या, छोटं पार 4, म्हणजे चार शॉटमध्ये संपवायचं. ग्रीनच्या पुढून बंकरचा (वाळूच्या खड्ड्याचा) वेढा, त्याची भिंत उभ्या लाकडी फळ्यांची (ही कल्पना डायची बायको अॅलिस हिची) आणि ग्रीनच्या अलीकडे दोन्ही बाजूंना मोठे ओक. फेअरवेच्या कडेला बॉल गेला की फांद्या आडव्या आल्याच. मग टीवर उभं राहून आधी त्या ओकमधली मोकळी फट शोधा, तिच्या समोर बॉल कुठल्या क्लबने थांबेल ते ठरवा आणि मगच बॅगेत हात घाला. बऱ्याचदा उत्तर 3 वुड किंवा हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा कमी लांब मारणारे क्लब) येतं, तिथे प्रो लोकपण ड्रायव्हर कितीतरी होलवर बाहेर काढत नाहीत.

बॉल झाडीत गेलाय असं वाटलं तर लगेच दुसरा मारा, पण मारायच्या आधी तोंडाने "प्रोव्हिजनल" (तात्पुरता बॉल) म्हणा, नाहीतर हा दुसराच बॉल खेळात धरला जातो. पहिला बॉल शोधायला 2019 पासून फक्त 3 मिनिटं मिळतात.

सापडला तर फांद्यांमधल्या फटीचा मोह टाळा, आडवं फेअरवेवर या. 5 किंवा 6 आयर्न (लोखंडी क्लब) घ्या, बॉल मागच्या पायाकडे, हात पुढे, स्विंग अर्धा आणि शेवटही खालीच, बॉल फांद्यांखालून निघतो. बॅकस्विंग कुठे अडकतो ते हळूच बघून घ्या, पण प्रॅक्टिस स्विंगमध्ये फांदी मोडून स्विंगला जागा झाली तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) 2 स्ट्रोकची पेनल्टी. सुकी पानं उचलता येतात, मात्र त्यात बॉल हलला तर 1 स्ट्रोक, आणि बॉल परत जागेवर ठेवायचा.

खेळताच येत नसेल तर अनप्लेएबल (बॉल खेळता येत नाही असं जाहीर करणं) घ्या, 1 स्ट्रोक जातो आणि होलच्या जवळ न जाता दोन क्लबच्या लांबीइतक्या अंतरात ड्रॉप (बॉल हाताने खाली सोडणं) मिळतो, किंवा होल आणि बॉलच्या सरळ रेषेत हवं तेवढं मागे जाता येतं. ड्रॉपची जागा ठरवताना नुसती जमीन बघू नका, वरची फांदी आणि पुढचं खोडही बघा, दोन क्लबमध्ये मोकळं होत नसेल तर सरळ मागे जा.