गळकी पेट्रोल टाकी बदलली: माझा अनुभव

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडी उभी केली की पेट्रोलचा वास यायचा. खाली शिरून पाहिलं, तर टाकीच्या पट्ट्यामागे चिखल घट्ट बसलेला. नखाने खरवडला आणि गंजलेल्या पत्र्यातून थेंब बोटावर आला. वेल्डिंगचा विचार तिथेच सोडला. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ फार घातक. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. म्हणून काम उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच केलं.

पट्ट्यांचे बोल्ट हलेनात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवले, तेव्हा कुठे सुटले. पेट्रोल काढून टाकी जॅकवर पेलत उतरवली. नव्या टाकीला होज, क्लिपा, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या गेजच्या (टाकीत बसणाऱ्या) युनिटचं वॉशर सगळं नवं घातलं. कडक झालेलं जुनं वॉशर पुन्हा बसवू नका, कळकळीने सांगतो. पट्ट्याखाली रबर दिलं. आधी ५ लिटर, मग पूर्ण भरून सांधे पुसून पाहिले. फडकं कोरडं!