जुन्या तबकड्यांची कागदी वेष्टने जमवताना
मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची ग्रामोफोन तबकड्यांची तपकिरी कागदी वेष्टने बहुतेक घरांत फेकून दिली गेली. म्हणूनच ज्यावर विक्रेत्या दुकानाचा पत्ता आणि ग्रामोफोनच्या सुयांची जाहिरात छापलेली आहे, असे वेष्टन मुंबईच्या चोर बाजारात दिसल्यास आतली तबकडी तडकलेली असली तरी घ्यावे. तबकडीचे लेबल दिसावे म्हणून वेष्टनाच्या मधोमध कापलेल्या गोल खिडकीची कड आधी बोटाने हलकेच तपासावी, कारण कागद बहुधा तिथेच फाटतो. फाटलेल्या जागी सेलोटेप कधीही लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, आणि माझे एक सुंदर वेष्टन त्यानेच कायमचे डागाळले. त्याऐवजी गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद मागून चिकटवावा. वेष्टन तबकडीपासून वेगळे, आम्लरहित कागदात आडवे ठेवावे आणि पावसाळ्यात कसर लागली नाही ना, हे वरचेवर पाहावे.