अ‍ॅनिमेशनच्या परिषदेला निघालात? या चुका टाळा

बेंगळुरूच्या जीएएफएक्स या गेमिंग-अ‍ॅनिमेशनच्या परिषदेला किंवा मुंबईच्या अशाच एखाद्या परिषदेला आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं हल्ली हौसेने जातात. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडतात, दिवसभर हॉलमध्ये फिरतात आणि पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन परत येतात. हातात कला असून असं होतं, याचं वाईट वाटतं.

पहिली चूक शोरीलची, म्हणजे स्टुडिओला दाखवायच्या आपल्या कामाच्या छोट्या व्हिडिओची. निपाणीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्याने घरच्या गुऱ्हाळाचा सुंदर सीन केला होता. उकळती काहील, वाफ, धुराने काळवंडलेली भिंत, सगळं त्याने स्वतः संगणकावर मॉडेल केलेलं. पण रील चार मिनिटांची. सुरुवातीला फिरणारं नाव, मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ट्यूटोरियल बघून केलेला, नवशिके सगळेच करतात तो डोनट, मग फुकट मिळालेल्या मॉडेलवर लावलेले लाइट. स्टुडिओच्या बाईंनी डोनटपाशी थांबवून विचारलं, "यात तुझं काय आहे?" पोरगं गडबडलं. तोवर मागची रांग पुढे सरकली. गुऱ्हाळ कुणी बघितलंच नाही.

सिग्राफ ही कॉम्प्युटर ग्राफिक्सची आंतरराष्ट्रीय परिषद १९७४ पासून भरते. तिथे 'फास्ट फॉरवर्ड'मध्ये संशोधक आपलं काम मिनिटभराच्या आत मांडतात. मग आपल्याला चार मिनिटं कशाला लागतात? मी पोरांना मिनिटापेक्षा मोठी रील करूच देत नाही. सगळ्यात चांगला शॉट पहिला, शेजारी त्याचं वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलचा रेषांचा सांगाडा, आणि खाली 'मॉडेलिंग माझं, टेक्श्चर (पृष्ठभागाचा रंग-पोत) अमक्याचं' अशी स्पष्ट ओळ. ट्यूटोरियलवरून जरूर शिका, पण ते रीलमध्ये नको. एआयकडून काढून घेतलेली चित्रंही नकोत. दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

रील लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्येही एमपीफोर करून ठेवा. गर्दीत नेटवर्क मिळेलच असं नाही.

पास घेताना नीट वाचा. काही पासांवर फक्त प्रदर्शन बघता येतं, व्याख्यानांना बसता येत नाही. पैसे कमी असतील तर विद्यार्थी स्वयंसेवकांची भरती आधी बघा. सिग्राफच्या आशियातल्या परिषदेत, सिग्राफ एशियात, अशा कामाच्या बदल्यात प्रवेश मिळतो.

इंग्रजी कच्चं म्हणून गप्प बसणं मला अजिबात पटत नाही. आपल्या सीमाभागातल्या पोराला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात. बेंगळुरूत स्टॉलवर सरळ कन्नडमध्ये सुरुवात करा, समोरचा मोकळा होतो. "हा धूर तुम्ही संगणकावर कसा सिम्युलेट केला?" असा एक नेमका प्रश्न घरूनच तयार करून न्या. सहा महिन्यांचा कोर्स करून पहिल्याच वाक्यात "पॅकेज किती?" विचारणाऱ्याशी मात्र कुणी दुसरं वाक्य बोलत नाही.

कार्ड मिळालं की मागे लगेच लिहा: कोण, काय बोलणं झालं. दोन दिवसांत मेल करा. रीलची लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, कारण बऱ्याच लिंकांना परवानगीच दिलेली नसते.