कॅसिनो कंपनीचा शेअर: फ्री कॅश फ्लो यील्डचा हिशेब

कॅसिनो रिसॉर्टचा शेअर निव्वळ नफ्यावरून जोखू नका. इमारतींचा घसारा एवढा मोठा असतो की चांगला धंदाही कागदावर मरतुकडा दिसतो. हाती किती रोकड उरते ते पाहा. मात्र विन, एमजीएम, लास व्हेगास सँड्स अशा अमेरिकी कॅसिनो कंपन्यांच्या अहवालातला आकडा जसाच्या तसा उचललात, तर फसगत ठरलेली.

फ्री कॅश फ्लो यील्डचं सूत्र सोपं आहे. रोख प्रवाह पत्रकात कामकाजातून आलेली रोकड असते. तिच्यातून भांडवली खर्च, म्हणजे इमारती-यंत्रांवरचा खर्च, वजा करा; उरतो तो फ्री कॅश फ्लो. त्याला बाजारमूल्याने भागलं की यील्ड. समजा, शेअर 50 डॉलरचा आणि शेअर्स 10 कोटी, म्हणजे बाजारमूल्य 500 कोटी. कामकाजाची रोकड 90 कोटी, भांडवली खर्च 40 कोटी. उरले 50, यील्ड 10 टक्के. इथेच थांबणारे बरेच असतात.

आता मकाव, म्हणजे चीनमधलं जुगाराचं केंद्र. विन मकावमध्ये मूळ कंपनीचा वाटा सुमारे 72 टक्के आहे, एमजीएम चायनात निम्म्याहून थोडा जास्त. तरीही एकत्रित पत्रकात तिथली रोकड 100 टक्के धरलेली असते. मकावचा फ्री कॅश फ्लो 30 कोटी आणि बाहेरच्यांचा वाटा 30 टक्के असेल, तर 9 कोटी तुमचे नव्हेतच. उरले 41.

पुढची खोट चिप्सची, म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या खेळाच्या टोकनांची. ग्राहक चिप्स खिशात घालून घरी गेला किंवा कॅशियरकडे पैसे ठेवून गेला, तर ते कंपनीचं देणं असतं. पण रोकड आलेली असल्याने कामकाजाचा आकडा फुगतो. खेळत्या भांडवलातल्या बदलांची टीप वाचा. लास व्हेगासमध्ये हे देणं 8 कोटींनी वाढलं असेल तर तेवढे काढा: 33. कर्मचाऱ्यांना शेअर्सच्या रूपात दिलेला 3 कोटींचा मोबदलाही काढा: 30. यील्ड आलं 6 टक्क्यांवर.

भांडवली खर्चाचे दोन भाग करा. खोल्यांची डागडुजी, नवी यंत्रं हा खर्च टळत नाही. सँड्सचा सिंगापूरमधला विस्तार हा वाढीचा खर्च. 40 पैकी 12 कोटी वाढीचे असतील तर ते 30 मध्ये परत मिळवा: 42 कोटी, म्हणजे 8.4 टक्के. दोन्ही आकडे शेजारी मांडा; नुसता मोठा मांडणं म्हणजे नवा प्रकल्प यशस्वी होणारच असं गृहीत धरणं.

एकाच वर्षावर विसंबू नका. बड्या खेळाडूंच्या बॅकरॅट या पत्त्यांच्या जुगारात टेबलाची कमाई नशिबावर हेलकावे खाते. किमान तीन वर्षांची सरासरी घ्या. एमजीएमने लास व्हेगासमधल्या बेलाजिओ या कॅसिनो हॉटेलची इमारत 2019 मध्ये विकून भाड्याने घेतली. ते भाडं कामकाजाच्या रोकडीतून आधीच गेलेलं असतं, दुसऱ्यांदा वजा करू नका. पण धंदा मंदावला तरी ते भरावंच लागतं, व्याजासारखंच. वरच्या उदाहरणात कामकाजाची रोकड 15 कोटींनी घटली तर यील्ड 6 वरून 3 टक्क्यांवर येतं.

शेवटी आलेलं यील्ड अमेरिकी सरकारच्या 10 वर्षांच्या रोख्यावरच्या परताव्याशी ताडून बघा. ते त्याच्या जवळपासच घुटमळत असेल तर शेअर महाग आहे, कारण मकावचे सध्याचे परवाने 2032 च्या अखेरीस संपतात आणि तोवर जुगाराच्या कमाईवर सुमारे 40 टक्के कर व आकारणी भरावीच लागते.